घरच्यांच्या वाट्याची दया

नागपुरातल्या गांधीबागेच्या कापड बाजारात गिऱ्हाइकाला कुणी ताटकळत ठेवत नाही. ‘या ना जी, बसा’ म्हणत गादीवर जागा होते, पाणी येतं, चहा सांगितला जातो, थानामागून थान उलगडत जातं. काहीही न घेता कुणी उठलं तरी कपाळावर आठी नसते. तेवढ्यात घरून फोन येतो आणि त्याच माणसाचा आवाज बदलतो : ‘कामात आहो, सांगितलं ना! ठेव.’

परक्यावरच्या दयेसाठी बायबलमधल्या चांगल्या शोमरोन्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. पौलाने तीमथ्याला लिहिलेलं पहिलं पत्र मात्र फारसं कुणी काढत नाही. स्वतःच्या घरच्यांची तरतूद न करणारा माणूस विश्वास न ठेवणाऱ्याहूनही वाईट, असं तिथे रोखठोक म्हटलं आहे.

या कसोटीवर कवी रेव्हरंड टिळकांचं घर पाहावं. १८९१ मध्ये नारायण वामन टिळक नागपुरात अप्पासाहेब बुटींकडे संस्कृत ग्रंथांच्या कामाला होते. १८९३ मध्ये इथूनच राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना बायबल वाचायचा आग्रह केला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तोही पत्नी लक्ष्मीबाईंना कल्पना न देता! लहानग्या मुलाला, दत्तूला, घेऊन त्या बाईने चार-पाच वर्षं नातेवाइकांच्या आधाराने काढली. टिळकांची थोरवी मान्य करूनही हे खटकतं, आणि खटकायलाच हवं.

पुढे दोघं पुन्हा एकत्र आली. नवरा ख्रिस्ती, बायको सोवळ्यातली. तिचा स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. टिळक तापट होते, पण या बाबतीत त्यांनी जबरदस्ती केली नाही. जातिभेद देवाने केलेला नाही, हे लक्ष्मीबाईंचं त्यांनाच उमगलं आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळक दारी आलेल्याला घरातलं देऊन टाकत; त्यापेक्षा त्यांचं हे थांबणं जास्त मोलाचं वाटतं.

आणि लक्ष्मीबाई? ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मचरित्रात नवऱ्याचा संताप, घर सोडून निघून जाणं, रिकाम्या खिशाचं औदार्य, सगळं आहे. कडवटपणा शोधूनही सापडत नाही. १९१९ मध्ये टिळक गेले, तेव्हा ख्रिस्ताच्या जीवनावरचं त्यांचं काव्य ‘ख्रिस्तायन’ अपुरं होतं. कधी शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेलं. त्यातले ६४ अध्याय त्यांचे आहेत.