गस्त आपली, निवाडा कोर्टाचा



हे आवाहन कुठल्या ठाण्याच्या वतीने नाही, कुठल्या पक्षाच्या तर नाहीच. परभणीतल्या कोतवाली, नानलपेठ, नवा मोंढा, ग्रामीण अशा ठाण्यांच्या हद्दींत राहणारी, कुलूप लावून गावाला जाणारी, मोंढ्यात माल टाकणारी, संध्याकाळी पोरींना शिकवणीला पाठवणारी जी माणसे आहेत, त्यांच्यातल्याच एकाचे हे लिहिणे आहे. चोऱ्या वाढल्या की घटल्या, हा वाद इथे घालायचा नाही. चोरी झाल्यावर आपण काय करतो, याबद्दल बोलायचे आहे.

आधी आपल्या घरचे बघू. मे महिन्यात पारा चव्वेचाळिशीला टेकला की निम्मी परभणी गच्चीवर झोपते. खालचे दार नुसते ओढून घेतलेले असते. आजूबाजूच्या चार घरांत कूलर धडधडत असतात, त्या आवाजात कोयंडा उचकटला तरी वर झोपलेल्याला पत्ता लागत नाही. सकाळी खाली यावे तर कपाट उघडे. दिवाळीत आणि सुट्ट्यांत तऱ्हा वेगळी. मुलगा पुण्याला, मुलगी मुंबईला. आपण रात्रीची देवगिरी एक्सप्रेस धरतो आणि घर आठ दिवस बंद राहते. बंद घर ओळखायला चोराला कुलूप बघावे लागत नाही. दारापुढे चार दिवस सडा नाही, रांगोळी नाही, पेपर पायरीवर तसाच पडलेला, तेवढे पुरते. म्हणून जाताना शेजारच्या वहिनींना चावी देता आली नाही तरी चालेल, पण दारात रोज दोन बोटे रांगोळी ओढायला जरूर सांगा. पेपरवाल्याला बंद सांगा. दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. आणि प्रवासाला निघाल्याचे फोटो परत आल्यावरच स्टेटसला टाका.

खेड्यातले दुखणे निराळे आहे. शेतातल्या आखाड्यावरून पाणबुडी मोटार जाते, विहिरीतली केबल कापून नेतात, आत तांबे असते म्हणून. सोयाबीनची थप्पी रात्रीतून हलते, बैल सुटतात. सालगडी एकटा असतो, तो अडवायला गेला तर त्याच्याच जिवावर बेतते. आणि या चोऱ्यांपैकी कितीतरी ठाण्यापर्यंत पोचतच नाहीत. ‘तक्रार देऊन काय होणार? चकरा मारण्यातच दुसऱ्या मोटारीचे पैसे जातील,’ हे वाक्य जिंतूरपासून पालमपर्यंत कुठल्याही पारावर ऐकू येते. माणसे खोटे बोलत नाहीत, चकरा पडतातच. पण न नोंदलेली चोरी पोलिसांच्या लेखी झालेलीच नसते. ज्या शिवारात कागदावर चोरीच नाही, तिथे रात्रीची गाडी कशाला फिरेल? आपण गप्प बसून आपल्याच रस्त्याची गस्त काढून घेतो.

तेव्हा पहिली विनंती, मोठी असो की बारीक, चोरी नोंदवा. आणि नोंदवताना हक्क माहीत असू द्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यात देता येते. ‘ही आमची हद्द नाही, तुम्ही सेलूला जा,’ असे सांगून परत पाठवता येत नाही. ऑनलाइनही खबर देता येते, मात्र तीन दिवसांच्या आत ठाण्यात जाऊन तिच्यावर सही करावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते आणि ती मागून घ्यायची असते. ठाणे अंमलदाराने नोंद घेतलीच नाही, तर तीच हकिकत लेखी पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवा. तिथेही काही झाले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर नोंद करणे पोलिसांवर बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ सालीच ललिता कुमारी खटल्यात सांगून ठेवले आहे.

इथे एक गोष्ट जरा जवळून सांगितली पाहिजे. बाजारच्या दिवशी गर्दीत खिशातून मोबाइल जातो. आपण ठाण्यात जातो. समोरचा शांतपणे म्हणतो, ‘अर्ज द्या, मोबाइल गहाळ झाला असं लिहा, सिम लगेच मिळेल.’ आपल्यालाही सिमचीच घाई असते. आपण ‘गहाळ’ लिहितो, पोचेचा शिक्का घेतो, घरी येतो. झाले. चोरीचा गुन्हा नोंदला नाही, तपास नाही, आकडा नाही. कागदावर तुमच्या हातून तो पडला. चोरी झाली असेल तर चोरी झाली असेच लिहा, ठाम राहा, सोबत कुणाला तरी घेऊन जा. मोबाइल बंद पाडण्यासाठी केंद्र सरकारच्या संचार साथी या संकेतस्थळावर आयएमईआय क्रमांक टाकावा लागतो. तो खोक्यावर असतो, आणि खोके आपण रद्दीत देतो. आजच *#०६# दाबून तो नंबर वहीत उतरवून ठेवा.

आणखी एक हक्क असा, की महिलांना, पंधरा वर्षांखालच्या मुलांना, साठीच्या पुढच्या पुरुषांना आणि आजारी किंवा अपंग माणसांना साक्षीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही. जबाब घ्यायला पोलिसांनी घरी यायचे असते. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसांना ऑटोत घालून ठाण्याच्या बाकावर तासन् तास बसवले जाते, ते नियमाने नव्हे, आपल्या अज्ञानाने. तक्रार दिल्यापासून नव्वद दिवसांच्या आत तपास कुठवर आला ते फिर्यादीला कळवणेही पोलिसांचे काम आहे. कळवले नाही तर लेखी विचारा.

आता दुसरी विनंती, आणि खरे तर या पत्राचे कारण तीच आहे.

मे २०२३ च्या अखेरीस परभणी तालुक्यातल्या उखळद गावात शेळ्या चोरायला आल्याच्या संशयावरून जमावाने शिकलकर समाजाच्या तीन मुलांना बेदम मारले. त्यातला एक गेला. त्याचे वय चौदा होते. उखळद काही वाळीत टाकण्यासारखे गाव नाही, आपल्या कुठल्याही गावासारखे गाव आहे. रात्री हाक फिरते, ‘चोर, चोर’, माणसे काठ्या घेऊन बाहेर पडतात, कुणी कुणाला काही विचारत नाही. प्रत्येकाला वाटते, आपण एकच तडाखा दिला. पण पन्नास जणांचा एकेक तडाखा चौदा वर्षांच्या अंगावर पडतो. सकाळी गुन्हा दाखल होतो तो शेळीचोरीचा नसतो, खुनाचा असतो. आणि बेड्या पडतात त्या गावातल्याच कर्त्या माणसांना. त्यांच्या घरीही लेकरे असतात.

आजच्या कायद्यात या दोन गुन्ह्यांचे वजन काय आहे ते शेजारी ठेवून बघा. पाच हजारांहून कमी किमतीची चोरी, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरलेला आणि माल किंवा त्याची किंमत परत केलेली असेल, तर भारतीय न्याय संहितेत शिक्षा आहे समाजसेवेची. पाच किंवा अधिक जणांनी मिळून जात, समाज, भाषा, जन्मठिकाण अशा कारणावरून एखाद्याला ठार मारले, तर त्यातल्या प्रत्येकाला जन्मठेप किंवा फाशी. ‘मी फक्त धरून ठेवलं होतं’ म्हणणाराही त्या प्रत्येकात येऊ शकतो.

आपल्या संशयाची दिशाही ठरलेली असते, हे कबूल करू या. शिकलकर, पारधी, कैकाडी, गावाबाहेर पाल ठोकलेले कुणीही. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ साली गेला. आपल्या डोक्यातून तो कधी जाणार? सोयाबीन काढणीला हीच माणसे आपल्याला हवी असतात.

धुळे जिल्ह्यातले राईनपाडा आठवा. १ जुलै २०१८, आठवडी बाजाराचा दिवस. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून फिरत होती. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी जमावाने ठेचून मारले. टोळी नव्हतीच. मध्यंतरी मराठवाड्यात रात्रीच्या ड्रोनच्या वावड्या उठल्या तेव्हाही लोक रात्र-रात्र जागले, अनोळखी माणसाकडे बघण्याची नजर बदलली. म्हणून सांगणे असे की, ‘आत्ताच आलेली बातमी, सर्व ग्रुपवर पाठवा’ अशा ओळीने सुरू होणारा मजकूर पाठवू नका. त्यात गावाचे नाव, वेळ, ठाणे यांतले काहीच नसते. खरी माहिती हवी असेल तर ती उघड्यावर आहे. नाजूक स्वरूपाचे गुन्हे वगळता एफआयआर संकेतस्थळावर टाकावेत, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा आदेश आहे आणि महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर ठाण्याचे नाव निवडून ते वाचता येतात. गल्लीतल्या एखाद्या शिकणाऱ्या पोराने आठवड्यातून एकदा आपल्या ठाण्याचे एफआयआर वाचून दोन ओळींत ग्रुपवर टाकावे. कुणाचे नाव नको, पत्ता नको; काय गेले, कुठल्या भागात, किती वाजता, एवढेच. शंभर अफवांपेक्षा ते उपयोगाचे.

चोर खरोखरच सापडला तर? पळू द्यायचे नाही, मारायचेही नाही. अजामीनपात्र दखलपात्र गुन्हा आपल्यासमोर घडत असेल तर सामान्य माणसालाही पकडण्याचा अधिकार आहे, पण सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावे लागते. तोवर बसवा, पाणी द्या, ११२ ला फोन लावा. फोन लावल्याची वेळ लिहून ठेवा, गाडी आल्याचीही. गावात पोलीस पाटील आहेत, १९६७ च्या कायद्याने नेमलेले; त्यांना झोपेतून उठवा, त्यासाठीच ते आहेत. ग्रामसुरक्षा दलाची गस्त घालायची तर जरूर घाला. शिट्टी घ्या, बॅटरी घ्या, नावांची यादी ठाण्यात द्या. तलवारी आणि कोयते घरी ठेवा.

यावर कुणी विचारील, आणि विचारावेच, की पोलिसांच्या ताब्यात दिलेला माणूस तरी सुरक्षित असतो का? परभणीत हा प्रश्न टाळून पुढे जाता येत नाही. १० डिसेंबर २०२४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, दुसऱ्या दिवशी बंदला हिंसक वळण लागले, धरपकड झाली. पकडलेल्यांपैकी कायद्याचा विद्यार्थी असलेला सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना गेला. त्याच्या मृत्यूबद्दल गुन्हा नोंदवण्याचा आदेश मिळायला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत जावे लागले, तो जुलै २०२५ मध्ये मिळाला, आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. त्याच्या कितीतरी आधी, २००३ साली मुंबई पोलिसांच्या कोठडीतून परत न आलेला अभियंता ख्वाजा युनूसही परभणीचाच. अशा गावात ‘पोलिसांवर विश्वास ठेवा’ असे नुसते सांगून भागत नाही. विश्वास हिशेबाने बसतो. अटक झालेल्यांची नावे, पत्ते आणि कलमे ठाण्यात ठळक लावावीत असा कायदा आहे. चोवीस तासांत त्यांना दंडाधिकाऱ्यांसमोर उभे करावे लागते. आपण कुणाला ठाण्यात सोपवले तर दुसऱ्या दिवशी जाऊन तो फलक बघावा. तो माणूस चोर असला तरी, किंबहुना असला म्हणूनच.

ठाण्यांनाही मागणे आहे. महिन्यातून एकदा हद्दीतल्या लोकांची बैठक घ्या, आणि तिथे चहाबरोबर आकडे द्या: कुठल्या भागात किती घरफोड्या, किती दुचाकी गेल्या, किती सापडल्या. भिवंडीत १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या बांधल्या, सगळ्या समाजांच्या साध्या माणसांना पोलिसांसोबत एका सतरंजीवर बसवले. दंगलीसाठी कुप्रसिद्ध झालेले ते गाव १९९२-९३ मध्ये शेजारची मुंबई जळत असताना शांत राहिले. आपल्याकडच्या शांतता समितीत सणाच्या तोंडावर तीच ती पुढारी मंडळी फेटे बांधून बसतात आणि फोटो निघतो. त्याऐवजी भाजीवाली, ऑटोवाला, रात्रपाळीचा वॉचमन, कॉलेजची मुलगी बोलवा. रस्त्यावर काय चालते ते त्यांना ठाऊक असते. तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसात फेब्रुवारीत जी गर्दी लोटते, तिथे खिसेकापू कुठल्या कोपऱ्यावर उभे राहतात हे पाळणेवाले बरोबर सांगतील.

चोरांइतकेच फसवणारेही ओळखा. गुप्तधन काढून देतो, पैशांचा पाऊस पाडतो म्हणणारा कुणी वस्तीत उतरला असेल तर ती गंमत समजू नका. १९७२ ते ७४ च्या काळात गुप्तधनाच्या लोभापायी मानवतमध्ये बायका-मुलींचे खून पडले, ते आपल्याच जिल्ह्यात. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली सरळ तक्रार द्या.

ऑनलाइन फसवणुकीबद्दल थोडक्यात. पैसे गेल्याचे कळताच आधी १९३० ला फोन करा, नातेवाइकांना नंतर; पहिल्या तासा-दोन तासांतच रक्कम अडवता येण्याची आशा असते. लग्नपत्रिका, वाहनाचे चलन, शेतकरी अनुदान अशा नावाने व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल उघडू नका. व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अटक’ करणारे पोलीस, सीबीआय, न्यायाधीश सगळे तोतये असतात, अशी अटक कायद्यात नाही. आणि फसलो म्हणून लाजू नका. निवृत्त प्राध्यापकही फसतात, बँकवालेही.

दुकानदारांना एक जादाचे काम. तुमचे कॅमेरे गल्ल्यावर रोखलेले असतात. त्यातला एक तरी रस्त्याकडे वळवा आणि त्यातली तारीख-वेळ बरोबर आहे का ते तपासा. घरमालकांनी भाडेकरूची माहिती ठाण्यात द्यावी, पण जात-धर्म विचारून खोली नाकारायला ती पळवाट करू नये.

हे पत्रक वाचून झाल्यावर वहीच्या एका पानावर आपल्या ठाण्याचा नंबर, आपला भाग सांभाळणाऱ्या बीट अंमलदाराचे नाव, ११२ आणि १९३० लिहून ते दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा, घरातल्या म्हाताऱ्यांना वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात. बीट अंमलदार कोण हे माहीत नसेल, तर उद्या ठाण्यात जाण्याचे पहिले कारण तेच धरा.

आपल्यातलाच एक रहिवासी