निळ्या मांजराची वकिलात

दिवाळीच्या फराळाला चार मोठी माणसे जमली, की हल्ली एक वाक्य हटकून कानी पडते : "जपानकडून शिका! एवढासा देश, पण नुसत्या चित्रांच्या बळावर त्याने जग जिंकले." बोलणाऱ्याला पुराव्यासाठी लांब जावे लागत नाही. आतल्या खोलीत डोरेमॉन नावाचे निळे मांजर हिंदीत बोलत असते आणि नातवंडे हातातली चकली तशीच धरून ते ऐकत असतात.

पुरावा मला मान्य आहे. माझा वाद आहे तो त्या वाक्यातल्या कर्त्याशी. २००८ साली जपानच्या परराष्ट्र खात्याने या मांजराला रीतसर सांस्कृतिक राजदूत नेमले. २०१३ साली 'कूल जपान' या नावाने मोठा निधी उभारला. पण तोवर वरात गावभर फिरून आली होती. सरकार घोड्यावर बसले ते मांडवाच्या दारात!

मग वरातीचा खर्च सोसला कोणी? १ जानेवारी १९६३ रोजी ओसामू तेझुका यांची 'तेत्सुवान आतोमु' ही मालिका जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाली. जग तिला 'ॲस्ट्रो बॉय' म्हणून ओळखते. पडद्यावर सेकंदाला चोवीस चौकटी सरकतात. तेझुकांनी एकेक चित्र तीन-तीन चौकटींना वापरून काम आठ चित्रांवर भागवले, जुनी चित्रे पुन्हा पुन्हा कामी लावली आणि भाग खर्चाहूनही कमी किमतीला विकले. तूट भरून काढायची ती आतोमुची खेळणी विकून. युक्ती हिकमती खरी. पण १९७३ साली त्यांनीच स्थापलेल्या मुशी प्रॉडक्शनचे दिवाळे निघाले. संस्था बुडाली, स्वस्ताईची चाल मात्र उरली.

सारे खापर तेझुकांच्या माथी फोडणे अन्यायाचे होईल. ती चाल पक्की केली पुढच्या व्यापाऱ्यांनी. आज प्रकाशक, दूरचित्रवाणी कंपनी, खेळणीवाले आणि ध्वनिमुद्रिकावाले एकत्र येऊन 'निर्मिती समिती' बनवतात. भांडवल त्यांचे, म्हणून हक्कही त्यांचे. चित्रे काढणाऱ्या संस्थेला बहुधा ठरलेली रक्कम मिळते. चित्रपट कितीही चालो, वाढीव नफ्यात तिचा वाटा नसतो. आणि दोन मुख्य चित्रांमधली हालचाल रेखाटणाऱ्या नवख्या पोराला मोल मिळते ते नगावर, विडी वळणाऱ्या बाईला मिळते तसे! २०२३ साली या उद्योगाची उलाढाल तीन लाख कोटी येनच्या वर गेली. त्यातली निम्म्याहून अधिक परदेशातली. पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रसंघाच्या तज्ज्ञांनी आपल्या अहवालात नमूद केले, की नवशिक्या चित्रकाराची वार्षिक मिळकत अवघ्या पंधरा लाख येनइतकी खाली असू शकते. जग जिंकणाऱ्या सैन्याचा हा पगार!

यावर कोणी म्हणतील, "कलावंताने थोडी झीज सोसावीच; हौसेला मोल नसते." हे म्हणणारे गृहस्थ स्वतःच्या पगारवाढीच्या वेळी हौसेचा दाखला देत नाहीत, एवढेच नम्रपणे सुचवतो. शिवाय दुसरी वाट नव्हतीच, असेही नाही. क्योटो ॲनिमेशन या संस्थेने चित्रकारांना नगावर न राबवता पगारी नोकरीत ठेवले, घरच्या घरी शिकवून तयार केले, आणि तिचे काम नावाजले गेले ते रेषेच्या सफाईसाठीच. पोटभर जेवलेल्या माणसाचा हात कापत नाही, ही काही जपानी विद्या नव्हे.

हा वाद दूरदेशीचा म्हणून सोडून देता येत नाही. २०२५ च्या मे महिन्यात केंद्र सरकारने मुंबईत करमणूक उद्योगाची जागतिक परिषद भरवली; आपली चित्रे जगभर पोचावीत, अशी उमेद तीत होती. उमेद चांगली आहे. आपल्या घरातली एखादी मुलगीही उद्या त्या टेबलाशी बसेल. तेव्हा जपानकडून शिकाच. पण मांजराची वकिलात पाहून भुलू नका, त्यामागचे हिशेबाचे वहीपानही पाहा. आणि आज संध्याकाळी चित्रपट संपून नावांची लांब यादी सरकू लागली, की टीव्ही बंद करू नका. मुलांना ती नावे वाचू द्या. जग जिंकणारी माणसे तीच आहेत.