पावसाळ्यातील मांजर व लेप्टोस्पायरोसिस

घरात मांजर असले की उंदरांची चिंता मिटली, असा समज आपल्याकडे रूढ आहे. उल्हासनगरच्या कॅम्प ५ सारख्या दाट वस्तीत हा समज तपासून पाहणे अगत्याचे आहे. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत उल्हास व वालधुनी या नद्यांचे पाणी लोकवस्तीत शिरले, आणि त्यानंतरच्या दिवसांत मुंबईत लेप्टोस्पायरोसिसने अनेक माणसे दगावली, हे विसरता येण्याजोगे नाही.

या रोगाचे जंतू उंदीर-घुशींच्या मूत्रपिंडात वस्ती करतात, मूत्रावाटे चिखलपाण्यात उतरतात आणि त्वचेवरील जखमेतून अथवा डोळे, नाक व तोंड यांच्या आतील नाजूक त्वचेतून शरीरात शिरतात. उंदीर खाणारे मांजरही यातून सुटत नाही. बहुधा ते आजारी दिसत नाही. हीच खरी अडचण होय. तैवान व कॅनडा येथील तपासण्यांत वरकरणी निरोगी मांजरांच्या मूत्रातही हे जंतू आढळले आहेत. क्वचित मांजर खाणे सोडते, पाणी फार पिते व मलूल होते. अशा वेळी पशुवैद्यकास दाखविणे आवश्यक आहे. कुत्र्यांसाठी या रोगाची लस मिळते. मांजरासाठी आपल्याकडे तशी लस प्रचारात नाही.

मग मांजर हाकलून द्यावे काय? मुळीच नाही. माणसाला होणारी बाधा मुख्यत्वे उंदरांमुळेच होते, आणि हाकललेले मांजर गटारापाशीच राहील. तथापि मोठ्या घुशींना मांजर सहसा हात लावीत नाही. म्हणून उंदीरनाशाचे काम त्याच्यावर सोपविणे, हे आपले कर्तव्य टाळणे होय, असे आमचे स्पष्ट मत आहे.

धान्य व पशुखाद्य झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात ठेवावे. उष्टे-खरकटे रात्री उघडे टाकू नये. बिळे बुजवावीत व अंगणात पाणी साचू देऊ नये. हे जंतू ओलाव्यात आठवडेच्या आठवडे टिकतात. कोरडेपणा, ऊन व ब्लीचिंग पावडर यांनी मरतात. मांजराची घाण काढताना रबरी हातमोजे घालावेत. पुराच्या पाण्यातून चालणे घडल्यास ७२ तासांच्या आत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ताप आल्यास अंगावर काढू नये.

मांजर हा आपला सोबती आहे. त्याचे व आपले आरोग्य एकाच अंगणाच्या स्वच्छतेवर अवलंबून आहे.