बातम्यांचे पथ्य आणि हसण्याची मात्रा



आहाराचे पथ्य आपण निगुतीने पाळतो. मीठ चिमटीने मोजतो, चहातील साखर सोडतो, लोणच्याच्या बरणीकडे दुरूनच पाहतो. परंतु डोळ्यांवाटे आणि कानांवाटे दिवसभर जे आत जाते, त्याचे पथ्य क्वचितच कुणी विचारते. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी भ्रमणध्वनीवरचे निरोप, रात्री दूरचित्रवाणीवरील चर्चा. म्हणजे बातम्यांचा आहार दिवसातून तीन वेळा, तोही बहुधा तिखटच.

माझ्याकडे येणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांच्या रक्तदाबाच्या वहीत सकाळचे आकडे १३०च्या आसपास असत आणि रात्रीचे १५०च्या पुढे जात. गोळी वाढवावी का, असे त्यांच्या सूनबाईंनी विचारले. रात्री केव्हा मोजता, या माझ्या प्रश्नावर कोडे उलगडले. नऊच्या चर्चेच्या वेळी दंडाला पट्टा बांधला जाई. पडद्यावर सहाजण एकाच वेळी ओरडत असत आणि सातवे हे गृहस्थ, आपल्या खुर्चीतून. रक्तदाब मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसावे, पाठीला आधार असावा, पावले जमिनीवर टेकलेली असावीत आणि बोलू नये, हा नियम आहे. मोजण्याची वेळ बदलली, आकडे खाली आले. गोळी वाढवावी लागली नाही.

अशा वेळी ‘बातम्या बंद करा’ असा सल्ला देणे सोपे असते. मी तो सहसा देत नाही. ज्यांनी आयुष्यभर देशाच्या बऱ्यावाइटाची चिंता वाहिली, प्रत्येक निवडणुकीत रांगेत उभे राहून मत दिले, त्यांच्या हातून वर्तमानपत्र काढून घेणे म्हणजे त्यांचा जगाशी असलेला धागा तोडणे होय. त्याऐवजी मी एक जुनाच उपाय सुचवतो: बातमीकडे पाहून हसता येते का, ते पाहावे.

थोडी उदाहरणे घेऊ. २३ नोव्हेंबर २०१९ रोजी मुंबईच्या राजभवनात सकाळी आठच्या सुमारास एक शपथविधी झाला आणि तो ‘पहाटेचा शपथविधी’ म्हणून प्रसिद्धीस आला. माझ्या एका ज्येष्ठ रुग्णांना त्यातील राजकारणापेक्षा ‘पहाट’ हा शब्दच अधिक खटकला. “डॉक्टर, आठ वाजेपर्यंत आमचे फिरणे, आंघोळ, पूजा आणि दुसरा चहा झालेला असतो. आठ म्हणजे पहाट, हे कोणत्या पंचांगात?” ते सरकार जेमतेम ऐंशी तास टिकले. प्रतिजैविकांचा पाच दिवसांचा कोर्सही त्याहून मोठा असतो, आणि तो मध्येच सोडू नये असे आम्ही डॉक्टर सर्वांना बजावत असतो.

२०२२च्या जूनमध्ये महाराष्ट्राचे आमदार गुवाहाटीच्या हॉटेलात जाऊन राहिले, तेव्हा सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील यांचे दूरध्वनीवरील संभाषण सर्वत्र पसरले: “काय झाडी, काय डोंगार, काय हाटील!” राज्याचे सरकार डळमळत होते, घराघरांत वाद पेटले होते, परंतु त्या वाक्यावर दोन्ही बाजूंची माणसे मनमुराद हसली. पुढे कित्येक महिने ‘तब्येत कशी आहे?’ या माझ्या प्रश्नाला ‘ओक्केमध्ये हाय’ असे उत्तर मिळत असे. त्यात कोणत्या पक्षाचा रुग्ण बोलतो आहे, हे ओळखता येत नसे.

हा आनंद केवळ आपल्याच वाट्याला येतो असे नाही. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये लिझ ट्रस पंतप्रधान झाल्या. त्यांचे आसन अस्थिर दिसू लागताच ‘डेली स्टार’ या वृत्तपत्राने लेट्यूसचा, म्हणजे सॅलडच्या पानांचा एक गड्डा कॅमेऱ्यासमोर ठेवला, त्याला डोळे चिकटवले, केसांचा टोप घातला आणि प्रश्न केला: आधी कोण जाणार, ही भाजी की पंतप्रधान? भाजी जिंकली. पंतप्रधानांनी ४५व्या दिवशी राजीनामा जाहीर केला. मधुमेही वाचकांच्या भाषेत सांगायचे तर, तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणाऱ्या तपासणीलाही त्यांचा कार्यकाळ पुरला नसता.

लंडनच्या त्याच निवासस्थानी २०११पासून लॅरी नावाचा बोका उंदीर पकडण्याच्या अधिकृत हुद्द्यावर आहे. २०२४पर्यंत त्याने सहा पंतप्रधान पाहिले. नवा आला म्हणून तो हुरळत नाही, जुना गेला म्हणून जेवण सोडत नाही, दुपारची झोप तर चुकवतच नाही. राजकीय बातम्या कशा घ्याव्यात याचा याहून चांगला धडा मला कोणत्याही वैद्यकीय ग्रंथात सापडलेला नाही.

नटनट्यांच्या बातम्यांचीही तीच गत. विमानतळावर उतरलेल्या तारकेने कोणते कपडे घातले होते, याची आता सविस्तर बातमी होते आणि तिला ‘एअरपोर्ट लूक’ असे नाव असते. एका आजींनी नातीला विचारले, “मी एसटीतून उतरते त्याला कोणता लूक म्हणायचे गं?” नातीने पुढच्या खेपेस स्थानकावर आजींचे छायाचित्र काढले: एका हातात गुळाच्या ढेपेची पिशवी, दुसऱ्यात छत्री, डोक्याला मफलर. खाली लिहिले, ‘आजींचा एसटी लूक.’ कुटुंबाच्या गटावर तो दिवसभर गाजला. प्रसिद्धीचा सारा डामडौल एका गुळाच्या पिशवीने जमिनीवर आणला.

आता यातील वैद्यकीय भाग. हसताना श्वास खोल होतो, नाडी थोडी जलद चालते आणि हसू ओसरल्यावर स्नायू सैल पडतात. अमेरिकन संपादक नॉर्मन कझिन्स यांनी १९७६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात आपल्या दुखण्याविषयी लिहिले होते. विनोदी चित्रफिती पाहून दहा मिनिटे खळखळून हसल्यावर आपल्याला सुमारे दोन तास वेदनेविना झोप लागे, असा त्यांचा अनुभव होता. तो एका माणसाचा अनुभव आहे, औषधाचा पर्याय नव्हे. हसू आले म्हणून रक्तदाबाची गोळी चुकवू नये. हसण्याचा खरा लाभ मला निराळा वाटतो. ज्या गोष्टीवर आपला काडीचाही ताबा नसतो, तिच्यापासून विनोद आपल्याला दोन पावले मागे नेतो. तेवढ्या अंतरावरून तीच बातमी आपल्या अंगावर येत नाही.

काही वाचक म्हणतील, देशात इतके गंभीर प्रश्न असताना हसायचे कसे? हसणे म्हणजे बेफिकिरी नव्हे. आपल्या तमाशातील बतावणीत सोंगाड्या राजाचीही टोपी उडवीत आला आहे. १९४८ मध्ये व्यंगचित्रकार शंकर यांनी आपले साप्ताहिक सुरू केले, तेव्हा पंडित नेहरूंनी ‘मलाही सोडू नका’ असे त्यांना सुचवले होते. आणीबाणीत, डिसेंबर १९७५ मध्ये, ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये अबू अब्राहम यांचे व्यंगचित्र छापून आले. त्यात राष्ट्रपती स्नानाच्या टबातूनच वटहुकमावर सही करून देत होते. बोलणे कठीण होते त्या काळात एका चित्राने लोकांच्या मनातले सांगितले.

आर. के. लक्ष्मण यांचा चौकड्यांच्या कोटातील, धोतर नेसलेला ‘कॉमन मॅन’ १९५१पासून अनेक दशके हे सारे पाहत राहिला आणि एक शब्दही बोलला नाही. २००३ मध्ये लक्ष्मण यांना पक्षाघाताचा झटका आला, शरीराची डावी बाजू दुबळी झाली. तरी त्यांनी कुंचला ठेवून दिला नाही. पक्षाघातातून सावरणाऱ्या माणसाच्या घरात मी ही गोष्ट आवर्जून सांगतो.

या सर्व उदाहरणांत हसण्याचा रोख सत्तेकडे, दिमाखाकडे आणि पोकळ डौलाकडे आहे. पुरात घर गेलेला माणूस हा विनोदाचा विषय नव्हे. पूर पाहायला आलेल्या बोटीत हसतमुखाने छायाचित्र काढून घेणारा पुढारी मात्र जरूर आहे. डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ मध्ये मुंबईच्या अंधेरीतील एका बागेत पहिला हास्यक्लब सुरू केला, तेव्हा सुरुवातीला तेथे विनोद सांगितले जात. काही दिवसांत चांगल्या विनोदांचा साठा संपला, बोचरे विनोद येऊ लागले आणि काही सदस्य दुखावले. अखेर विनोदच वगळून केवळ हसण्याचा व्यायाम उरला. आपल्या भ्रमणध्वनीवर येणारे जात, धर्म वा एखाद्याचे व्यंग यांवरचे विनोद पुढे धाडताना हा अनुभव स्मरावा.

घरात हा प्रश्न किती खोल जातो, याचे एक उदाहरण देतो. गेल्या लोकसभा निवडणुकीनंतर एका घरातील वडील आणि मुलगा यांच्यातील बोलणे थांबले. वडिलांना हृदयविकार आहे. मुलगा गोळ्यांची वाटी रोज वेळेवर पुढे सरकवी, पण मुकाट्याने. एके रात्री वडिलांच्या छातीत दडपल्यासारखे झाले आणि त्यांनी ते सकाळपर्यंत मुलाला सांगितले नाही. बोलणे बंद होते ना! सुदैवाने मोठा झटका नव्हता. त्यानंतर त्या घरातील आईंनी जेवणाच्या टेबलापुरता एक नियम घातला: राजकारणावर बोलायचेच असेल, तर ज्या पक्षाला आपण मत दिले त्याच्यावरचा विनोद आधी सांगायचा. पहिले दोन दिवस शांतता होती. तिसऱ्या दिवशी वडिलांनी आपल्याच नेत्याच्या भाषणाची नक्कल केली आणि मुलाला ठसका लागेपर्यंत हसू आले. मते दोघांचीही बदललेली नाहीत. पण आता छातीत जराशी कळ आली तरी वडील हाक मारतात.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी काही गोष्टी विशेष महत्त्वाच्या आहेत. घरातील ज्येष्ठ व्यक्ती हसेनाशी झाली, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नका, कारण शोधा. पुष्कळदा ते कानात असते. विनोदाचे शेवटचे वाक्य हळू आणि भरभर बोलले जाते. नेमके तेच ऐकू येत नाही आणि इतर हसले म्हणून हसण्याची वेळ येते. श्रवणाची तपासणी करून घ्यावी. अनेक स्त्रिया हसताना लघवीचे थेंब जातात या धास्तीने हसूच आवरतात. यात लाजण्यासारखे काही नाही. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम आणि उपचार उपलब्ध आहेत, डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. पूर्वी ज्यात रस होता त्यातील कशानेच आनंद वाटेनासा झाला, झोप व भूक बिघडली आणि हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर नैराश्याची तपासणी आवश्यक आहे.

याउलट, अवेळी येणारे हसूही ओळखावे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, स्मृतिभ्रंशाच्या काही प्रकारांत विनोदाची जाण बदलणे हे फार आधीचे लक्षण असू शकते. असे रुग्ण नैसर्गिक आपत्तीच्या बातमीवरही हसू लागतात. कुटुंबाला तो निष्ठुरपणा वाटतो. तो आजार असू शकतो. पक्षाघातानंतर काहींना कारण नसताना, न आवरणारे हसू वा रडू येते. त्यावर औषधे आहेत. अशा माणसाला रागावू नका, डॉक्टरांकडे आणा.

येत्या पंधरवड्यासाठी एवढेच करून पाहा. रात्रीची चर्चा झोपेच्या तासभर आधी बंद करा. वर्तमानपत्रातील एक व्यंगचित्र रोज कापून, अक्षरे बारीक असल्यास भिंग देऊन, घरातील ज्येष्ठांकडून मोठ्याने समजावून घ्या. त्यांना त्यामागचा चाळीस वर्षांचा इतिहासही ठाऊक असतो. गिळण्यास त्रास होणाऱ्यांच्या तोंडात घास असताना मात्र विनोद सांगू नका. पोटाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर हसताना टाक्यांवर उशी धरा. आणि तो टेबलावरचा नियम लावायचा झाल्यास, पहिला विनोद घरातील सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीला सांगू द्या.