रविवार कोणाचा?



मागच्या पंधरवड्यात आमच्या वस्तीतला एक होतकरू तरुण माझ्याकडे आला. जानेवारीत मुंबईची मॅरेथॉन धावणार म्हणतो. हातात कागद, त्यावर अठरा आठवड्यांचे वेळापत्रक. कोणत्या दिवशी किती किलोमीटर, कोणत्या दिवशी विश्रांती, सारे नीट आखलेले. म्हणाला, "काका, तुम्ही एकदा धावला आहात. एवढे तपासून द्या."

मी कारकून माणूस. कागद समोर आला की त्यात काय राहिले आहे ते आधी पाहतो. त्या कागदात अठरा रविवार होते, पण त्याचे घर कुठेच नव्हते. विजयादशमी नव्हती, दिवाळीची सुट्टी नव्हती, सहा डिसेंबरही नव्हता. मी विचारले, "घरी बोललास का?" तो हसला. म्हणाला, "पळायचे मला आहे. घरी काय बोलायचे?"

हेच वाक्य चार वर्षांपूर्वी माझ्या तोंडी होते. म्हणून आज हा विषय घेतला.

डॉक्टरांनी चालायला सांगितले, चालण्याचे पळणे झाले आणि चाळिशी उलटल्यावर मीही मुंबईला नाव नोंदवले. दिवाळीच्या सुट्टीत पत्नी म्हणाली, "आईला बरे नाही. रविवारी सगळेच मंगळवेढ्याला जाऊ." मी म्हणालो, "रविवारी माझी चोवीस किलोमीटरची धाव आहे. तुम्ही व्हा पुढे." मायलेकरे एस.टी.ने गेली. मी टेंभुर्णी रस्त्याने पळून आलो आणि दुपारभर झोपलो. सासूबाईंनी जावयासाठी शेंगांच्या पोळ्या राखून ठेवल्या होत्या. त्या डब्यातून आल्या. डिसेंबरात सासूबाई गेल्या. त्यांची माझी भेट झाली नाही ती नाहीच.

जानेवारीत मी शर्यत पुरी केली. पदक घरात खिळ्याला आहे. पत्नी त्यावर कधी एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते. पंढरपूरहून मंगळवेढा पंचवीस किलोमीटरच्या आतबाहेर. त्या दिवशी मी जेवढा पळालो, तेवढ्यात सासुरवाडी आली असती. ते मला तेव्हा सुचले नाही.

मी त्या तरुणाला सांगितले, कागद उलटा कर. कोऱ्या बाजूवर आधी घराचे दिवस लिही, मग किलोमीटर.

मुंबईची मॅरेथॉन २००४ पासून होते आणि ती जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर. तयारीला अठरा आठवडे धरले तर सुरुवात सप्टेंबरच्या मध्याला येते. म्हणजे आपले बहुतेक मोठे दिवस नेमके याच काळात. विजयादशमी आणि १४ ऑक्टोबरला विहारात कार्यक्रम असतो, घरी पाहुणे असतात. त्या दिवशी धाव ठेवूच नये. मग दिवाळीची सुट्टी, आणि अमावास्येनंतर दहा-बारा दिवसांत कार्तिकी एकादशी. तेव्हा आपल्या गावचे रस्ते दिंड्यांनी आणि गाड्यांनी भरतात, पळायला जागा नसते. कोणाचे दुकान असते, कोणाला ज्यादा काम लागते. तो आठवडा हलका लिहून मोकळे व्हावे.

सहा डिसेंबरला आपण दादरला जातो. रात्रभर गाडी, मग तासन् तास रांगेत उभे. पाय घरी येतात तेव्हा दमलेलेच असतात. दुसऱ्या दिवशी लांब पळू नये. लांबची धाव आदल्या रविवारी उरकावी, नाही तर पुढच्या रविवारी घ्यावी. ३० ते ३२ किलोमीटरची सर्वांत लांब धाव शर्यतीच्या आधी तीन आठवडे, म्हणजे डिसेंबरअखेर येते. त्यानंतर पळणे कमी कमी करत न्यायचे असते. म्हणून १ जानेवारीला कोरेगाव भीमाला जाणाऱ्यांचे काही अडत नाही.

मुले विचारतात, चार दिवस चुकले तर दम जाईल का? नाही. आठवडाभर थांबल्याने कमावलेला दम फारसा घटत नाही. दोन-तीन आठवडे पळणे पूर्ण बंद राहिले तर मात्र फरक दिसू लागतो. खरी चूक पुढे होते. चुकलेले किलोमीटर पुढच्या आठवड्यात भरून काढायला जातात आणि गुडघा, पोटरी धरते. खतावणीत आम्ही मागील बाकी पुढे ओढतो, पळण्यात ओढू नये. चुकले ते बुडीत खात्यात टाकावे आणि आजच्या पानावरून पुढे जावे. आठवड्यात फार वेळ नसेल तर तीन धावा पुरतात : एक लांब, एक थोडी जोराची, एक सावकाश. लांबची धाव मात्र वरचेवर चुकवू नये.

एक गोष्ट जिवाची. हा काळ उसाच्या गळिताचा. पहाटेच्या अंधारात दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रस्त्याने असतात, कित्येकांना मागे दिवा नसतो. पांढरे कपडे घालावेत, समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने पळावे आणि जमेल तर उजाडल्यावरच निघावे.

आता घरातली बाजू. आपण पाचला उठतो तेव्हा आपल्या आधी कोण उठते? चहा, पाणी, मुलांचा डबा कोण पाहते? तासभर पळून आलेल्याचे कौतुक होते, तो तास ज्या बाईने सांभाळला तिचे नाव निघत नाही. आपल्या शेजारच्या माण तालुक्यातील मोही गावची ललिता बाबर २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षे मुंबईत भारतीय महिलांत पहिली आली. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तिने स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली. तिचे फोटो आपण मुलींना दाखवतो. पण आपल्याच घरातल्या बाईला सकाळचा अर्धा तास मोकळा मिळतो का, हे विचारत नाही.

कामगाराच्या आठवड्याचे तास ५४ वरून ४८ झाले ते १९४६ साली, कारखाना कायद्याच्या दुरुस्तीने. ते विधेयक बाबासाहेबांनी मजूरमंत्री म्हणून मांडले होते. आपल्याला मिळालेली सवड अशी कायद्याने आलेली आहे. ती घरातल्या एकट्या पुरुषाच्या नावावर चढवून कसे चालेल?

माझ्या घरी आता असे ठरले आहे. आठवड्यातल्या दोन सकाळी डबे मी करतो आणि पत्नी मुलीला घेऊन फिरायला जाते. पहिल्या आठवड्यात माझ्या भाकरीला आकार नव्हता, आता आला आहे. पाहुण्यांकडे जायचे असले की मी उजाडता निघतो, बायको-मुले मागून एस.टी.ने कपड्यांची पिशवी घेऊन येतात आणि आम्ही दारात एकत्र पोहोचतो. धावही होते, भेटही होते.

त्या तरुणाने परवा नवा कागद आणून दाखवला. वरची अर्धी ओळ त्याच्या बायकोच्या अक्षरात होती. तिने दोन रविवारांवर काट मारली होती आणि एका बुधवारी लिहिले होते, 'आज मी पळणार.' मी त्यात काही दुरुस्ती केली नाही.

ज्यांच्या घरी असा कागद भिंतीवर असेल, त्यांनी आज संध्याकाळी जेवताना तो सर्वांपुढे ठेवावा.

जयभीम.