कोऱ्या भिंतीचे इंग्रजी

आमच्या बेळगावात, टिळकवाडी-शहापूरच्या घरांतून, २०२० च्या टाळेबंदीपासून एक नवी खोली अवतरली आहे. देवघर नव्हे, माजघर नव्हे. ‘ऑनलाइन क्लासची खोली’. घरातली लेक किंवा सून तिथे बसून मुलांना इंग्रजी शिकवते, चार पैसे मिळवते. त्या कमाईला माझा नमस्कारच आहे. भांडण आहे ते खोलीच्या मांडणीशी, आणि तिच्यामागे दडलेल्या न्यूनगंडाशी.

पहिली कुऱ्हाड पडते पुस्तकांच्या कपाटावर. मराठी पुस्तके ‘मागे बरी दिसत नाहीत’ म्हणे! ती पोटमाळ्यावर जातात आणि कोरी पांढरी भिंत उघडी पडते. मग दार लोटून घरच्यांना ताकीद मिळते: क्लास चालू असताना मराठीत बोलू नका. आवाज करू नका, हे सांगणे रास्त आहे. पण ‘मराठीत’ नको? कुकरच्या शिट्टीला कुठली भाषा असते?

गंमत अशी, की रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. गुळगुळीत भिंत आणि फरशी तो परतवते, आणि शब्दांचे शेवट पुसट होतात. इंग्रजीत तर अनेकवचनाचा ‘स’ आणि भूतकाळाचा ‘ट’ शेवटीच येतो! जाड पडदा, सतरंजी आणि लहानमोठ्या पुस्तकांचे भरलेले कपाट हे घुमणे कमी करते. म्हणजे जे हलवले, तेच कामाचे होते.

प्रकाशाचेही तसेच. खिडकी पाठीमागे असली तर चेहरा काळवंडतो. ती समोर हवी. लॅपटॉपखाली दोन जाडजूड शब्दकोश ठेवा, कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत येईल. हे नटण्यासाठी नव्हे. शिकणाऱ्याला ओठ दिसले पाहिजेत म्हणून. जनावरांचा डॉक्टर तो ‘व्हेट’ आणि ओला तो ‘वेट’. पहिल्यात वरचे दात खालच्या ओठाला लागतात, दुसऱ्यात ओठांचा चंबू होतो. आपला ‘व’ या दोघांच्या मधला, म्हणून मूल अडखळते. ‘झू’ म्हणताना ते अडले, तर त्याला ‘जग’मधला ‘ज’ म्हणायला लावा; मात्र जीभ दातांमागे टेकू न देता. ही खूण मराठी बाईच सांगू शकतात. तेच त्यांचे भांडवल, आणि तेच त्या लपवतात!

‘इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावे’ असे म्हणणारे आहेत. सराव इंग्रजीतच हवा, हे मलाही मान्य आहे. तासाचा बराचसा वेळ तीच भाषा कानावर पडावी. पण एका वाक्याने मराठीत उलगडणारी अडचण इंग्रजीतून पाव तास घोळवायची, ही कुठली विद्वत्ता? तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने कित्येक पिढ्यांना मराठीचाच हात धरून इंग्रजीत नेले. १८७४ साली ‘निबंधमाला’ सुरू करणारे विष्णुशास्त्री चिपळूणकरच १८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढायला पुढे झाले. इंग्रजीसाठी मराठी अडगळीत टाकावी लागते, असे त्यांना वाटले नाही. आपल्यालाच का वाटावे?

१९५६ पासून सीमाभागातली आपली माणसे या भाषेसाठी लढली, लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात गेली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला, तेव्हा आपली छाती फुगली. आणि घरात मात्र कुणी हुकूम काढलेला नसताना, आपण होऊन तिला पोटमाळा दाखवतो! बाहेरच्या अन्यायाविरुद्ध मोर्चा काढता येतो. या अन्यायाविरुद्ध कुणाच्या दारावर जायचे?

तेव्हा भगिनींनो, खोली थाटा, जरूर थाटा. राउटरला बॅटरीचा आधार द्या, म्हणजे वीज गेली तरी तास बुडणार नाही. शक्य असेल तर लॅपटॉपला वायरने जोडणी द्या. मात्र पुस्तकांचे कपाट खाली उतरवा आणि पाठीशी उभे करा. पडद्यापलीकडच्या मुलाने विचारले, ‘बाई, ही कसली पुस्तके?’ तर त्याला सांगा. हवे तर इंग्रजीत सांगा. पण मान खाली घालून नको.