काळूच्या गळ्यात काही नव्हतं

"कुत्रीला झगा शिवलास म्हणे? काही कामधंदा उरला नाही का गं तुला?"

मावशीचा फोन. चिंगीचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला आणि तासाभरात हा फोन आला. फोटोत आमची चिंगी मोरपंखी खणाचा झगा, गळ्यात लाल गोंडा आणि डोक्यावर चक्क टिकल्यांची टोपी घालून बसली होती. चेहऱ्यावर भाव असा, की कोणीतरी सोडवा रे मला यातून. मी हसून वेळ मारून नेली खरी, पण तेव्हापासून विषय डोक्यात घोळतोय. मावशी हे वाचणार आहेच, तेव्हा उत्तर इथेच देते.

तर मावशी, हसण्यासारखं यात काही नाही. भादव्यातल्या अमावस्येला आपल्या खेड तालुक्यात बैलपोळा असतो. त्याच्या आठ दिवस आधीपासून आजोबा ओसरीवर सूत घेऊन बसायचे ते आठवतं ना? गोंडे ते घरीच वळायचे. चाकणच्या बाजारातून हिंगूळ यायचा, घुंगरं यायची. जुन्या लुगड्याचे काठ झुलीला लावायला आजीच द्यायची. तेव्हा कोणी आजोबांना म्हणालं नाही, की काही कामधंदा उरला नाही का! खंडोबाच्या तसबिरीत घोड्याशेजारी कुत्रा असतोच, आणि नेपाळात तर दिवाळीत एक अख्खा दिवस कुत्र्यांचा. गळ्यात झेंडूची माळ, कपाळाला टिळा. आपल्या जिवाच्या जनावराला नटवावंसं वाटणं हे काही शहरातलं खूळ नाही.

इथवर माझी बाजू भक्कम होती. गोची पुढे झाली.

आजोबांचा साज मी नीट आठवायला लागले तेव्हा लक्षात आलं, की झूल आणि बाशिंग संध्याकाळी उतरायचं. वर्षभर बैलाच्या गळ्यात राहायची ती घुंगरमाळ. तीही नुसती शोभेला नव्हे. अंधारात गाडी चालली की घुंगरांचा आवाज पुढे जायचा आणि वाटेवरचा माणूस बाजूला व्हायचा. गाडीच्या खाली कंदील टांगलेला असायचा तोही त्यासाठीच. सणाचा साज एक दिवसाचा आणि रोजचा साज कामाचा, हा हिशोब त्या माणसाला कोणी शिकवला नव्हता.

आणि माझा साज? खरं सांगते, चिंगीच्या दृष्टीने तो निव्वळ छळ होता. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. त्याचा थंडावा जिभेतून, धापा टाकण्यातून. अशा प्राण्याला मी चिंचवडच्या एप्रिलात अस्तर लावलेला झगा घातला. गोंड्यात घुंगरू ओवलं. माणसाला साधारण वीस हजार हर्ट्‌झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून जास्त. आपल्याला गोड वाटणारी किणकिण तिच्या कानाखाली दिवसभर! आणि तो लाल रंग तर तिला लाल म्हणून दिसतच नाही. कुत्र्याला ओळखू येतात ते निळा आणि पिवळा. म्हणजे पिंपरी कॅम्पात अर्धा दिवस घालवून मी जी लाल छटा शोधली, ती कोणासाठी? माझ्यासाठी आणि ग्रुपवरच्या फोटोसाठी.

हे कळलं तरी मी थांबले नसते कदाचित. थांबले ती काळूमुळे.

काळू आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहायचा. नावाप्रमाणे काळाकुट्ट, एक कान कापलेला. नसबंदी झाल्याची ती खूण. चिंगीला फिरायला नेलं की हा चार पावलं मागे, जणू बॉडीगार्ड. ह्यांची चाकणला सेकंड शिफ्ट असली की रात्री साडेबाराच्या सुमाराला कंपनीची बस कोपऱ्यावर थांबते. बसच्या आवाजाला काळू उठायचा आणि ह्यांना दारापर्यंत सोडून परत जायचा. गेल्या पावसाळ्यात एका रात्री बसच्या मागून टेम्पो आला. पाऊस होता, कोपऱ्यावरचा दिवा बंद होता. ह्यांच्या डोळ्यांसमोर झालं सगळं.

टेम्पोवाला पळून गेला नाही, हे सांगायलाच हवं. खाली उतरला, पावसात उभा राहिला आणि एकच वाक्य म्हणत राहिला, "दिसलाच नाही हो मला. खरंच दिसला नाही."

आणि त्याचं खरं होतं. काळा कुत्रा, काळा डांबरी रस्ता, काळी रात्र. दिसणार काय?

त्या रात्री घरात चिंगीचे सात स्कार्फ, तीन झगे आणि एक टोपी होती. काळूच्या गळ्यात काही नव्हतं.

नंतर वाचताना कळलं, की हे दुःख आपल्याच पुण्यात दहा-बारा वर्षांपूर्वी एका पोराला झालं होतं. शंतनू नायडू. २०१४ च्या सुमाराला तो पुण्यात टाटा एल्क्सीमध्ये नवखा इंजिनिअर होता. रस्त्यावर गाडीखाली गेलेलं कुत्रं पाहून हळहळला, मग मित्रांना जमवून चमकणारे पट्टे शिवायला लागला. कापडाला पैसे नव्हते म्हणून घरोघरी जाऊन जुन्या जीन पँटी मागून आणल्या. 'मोटोपॉज' नाव दिलं. रतन टाटांना पत्र गेलं, त्यांनी मुंबईला भेटायला बोलावलं, मदत केली, आणि पुढे त्या दोघांची दोस्ती झाली ती सगळ्यांना माहीत आहे. टाटा ९ ऑक्टोबर २०२४ ला गेले, तेव्हा अंत्यदर्शनाला त्यांचा 'गोवा' नावाचा कुत्राही आणला होता. तोही मूळचा रस्त्यावरचाच. टेल्को रोडवरून रोज जाणाऱ्या आम्हा लोकांना टाटा म्हणजे ट्रक आणि भोंगा. त्या गोष्टीचं दुसरं टोक जुन्या जीनच्या पट्टीत असेल असं वाटलं नव्हतं.

मग मशीन काढलं. चिंगीचे झगे उसवले नाहीत, पण नवीन शिवणं बंद. ह्यांच्या दोन जुन्या जीन आणि त्यांच्या मित्रांच्या पाच. चाकण-भोसरी पट्ट्यात एक गोष्ट मुबलक आहे, ती म्हणजे सेफ्टी जॅकेट. फाटलेल्या जॅकेटवरची रुपेरी पट्टी बऱ्याचदा शाबूत असते. बहुतेक पट्ट्यांत काचेचे अगदी बारीक मणी असतात, ते उजेड आला त्याच दिशेला परत पाठवतात. म्हणून हेडलाइट पडला की पट्टी ड्रायव्हरलाच झगमगून दिसते. बॅटरी नको, काही नको.

शिवताना शिकले ते थोडक्यात. पट्टा आणि मान यांत दोन बोटं गेली पाहिजेत. बक्कल नको, वेल्क्रो लावा. कुठे तारेत अडकलं तर ओढ बसून सुटतं, गळफास लागत नाही. इलॅस्टिक तर नकोच नको. आणि पिल्लाला पट्टा घालून विसरून जाऊ नका. मान वाढते, पट्टा वाढत नाही, आणि तो मांसात रुततो. जो पट्टा वरचेवर बघायला जाणार नसाल, तो घालूच नका.

आतापर्यंत एकवीस झाले. हे काही फार मोठं काम नाही, आणि सगळे खूश आहेत असंही नाही. सोसायटीतले एक काका म्हणाले, "पट्टा घातलास म्हणजे ती तुझी झाली. घेऊन जा घरी सगळी." मला आधी राग आला, पण नाइट शिफ्टहून बाइकवर येणाऱ्यांच्या मागे कुत्री लागतात हे मीही पाहिलंय. त्यांची भीती खोटी नाही. २०२५ मध्ये तर हा वाद सुप्रीम कोर्टात पेटला, आणि प्रत्येकाने एकेक बाजू पकडली. माझं म्हणणं एवढंच, की पट्टा म्हणजे नसबंदी नव्हे, रेबीजची लस नव्हे. ती कामं झालीच पाहिजेत. पण जे कुत्रं आज रात्री रस्त्यावर असणारच आहे, ते बाइकवाल्याला वीस पावलं आधी दिसलं तर वाचणार दोघं. ब्रेक मारून घसरणाऱ्याचा गुडघाही त्या पट्टीत मोजा की.

गळ्यातल्या पट्ट्याला हसणाऱ्यांना आणखी एक सांगते. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडला बिबट्याच्या भीतीने बायका गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालून शेतात जात असल्याच्या बातम्या आल्या होत्या. असला पट्टा धनगराच्या कुत्र्याच्या गळ्यात शोभायचा. पट्टा हा साज आहे की चिलखत, हे ज्याच्या गळ्यावर बेतलंय तोच ठरवणार.

म्हणून माझं मत असं : नटवा, जरूर नटवा. जनावराला हाताने काही शिवून घालण्यात जो आनंद आहे त्याची टिंगल करू नका. फक्त शिवायला बसण्याआधी एकदा विचारा, हे त्याच्यासाठी की माझ्यासाठी? माझ्यासाठी असेल तर पोळ्याच्या झुलीसारखं संध्याकाळी उतरवा.

असो. मावशी, तुझ्याकडे काकांच्या जुन्या जीन पडून असतील ना? पुढच्या रविवारी येते न्यायला. आणि हो, चिंगीची टोपी मी बाहुलीला घालून टाकली. :)